चंद्रावती गाभोळी कापत नाही

पनवेलच्या मच्छी मार्केटात अगदी शेवटच्या ओळीत, जिथे नळ कायम गळतो आणि गिऱ्हाईक पोचेपर्यंत त्याची पिशवी भरलेली असते, तिथे चंद्रावती बसते. पुढची जागा तिला मिळत नव्हती असं नाही. मिळाली होती. तिने ती कोळीवाड्यातल्या एका नव्या सुनेला देऊन टाकली आणि आपली पाटी पुन्हा मागे नेऊन ठेवली. का म्हणून विचारलं तर म्हणते, पुढे फार बोलावं लागतं. आता कोळिणीनेच असं म्हणावं म्हणजे कमाल झाली. बाकीच्या जणींचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो आणि हिचा भाव ऐकायला माणसाला वाकावं लागतं. तरी तिचा माल दुपारपर्यंत संपतो, कारण मासळी ताजी असते, आणि ताज्या मासळीसाठी वाकायला पनवेलकराला कधीच लाज वाटलेली नाही.

एक गोष्ट मात्र नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कळते. मासा निवडला, भाव पटला, 'मावशी, कापून द्या' म्हटलं की ती मासा हातात घेते, त्याच्या पोटावर अंगठा दाबून बघते, आणि पोट भरलेलं लागलं की कोयत्याला हातही न लावता मासा शेजारच्या ठकीपुढे सरकवते. ठकी कातकरी बाई, खाडीतल्या चिंबोऱ्या आणि बोईट मासे घेऊन बसते. ती मासा कापते, गाभोळी, म्हणजे पोटातली अंड्यांची पिशवी, अलगद काढून वेगळी ठेवते, गिऱ्हाईक जातं. त्याच्या बदल्यात चंद्रावती तिला आपल्या पेटीतला बर्फ देते. लोक विचारतात, ही बाई गाभोळीचा मासा का कापत नाही? ठकी सांगते, तिचं तसं हाय. याहून जास्त ठकीलाही माहीत नाही. एवढी वर्षं मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईला जे माहीत नाही, ते मार्केटात दुसऱ्या कुणाला असायचं कारण नव्हतं.

चंद्रावती आता पंचेचाळिशी ओलांडून गेलेली. अंगाने उंच, पण कमरेतून जरा वाकलेली, कारण तिची पाठ सतत दुखते. दोन्ही हातांवर पांढरे डाग आहेत, बोटांपासून मनगटापर्यंत पसरलेले. काही गिऱ्हाइकं ते बघून पुढे जातात. तिला त्याचं काही वाटत नाही असं ती म्हणते, पण थंडी नसताना लांब बाह्यांचं ब्लाउज घालते. गळ्याच्या सुजेसाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते. कोळीवाड्यात आईची एक खोली होती, तिथे एकटी राहते. भाऊ सुदाम कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात कामाला आहे, भाऊबीजेला येतो, चहा पितो, घड्याळ बघतो. गल्लीत बारसं असलं की ही सकाळीच उत्तम सुरमई पाठवून देते आणि स्वतः जात नाही. सुरमई बघून कुणी रागावत नाही, म्हणून आता तिला कुणी आग्रहही करत नाही. रविवारच्या धंद्यानंतर ती घरी जाऊन उरलेली मासळी एकटीपुरती रांधते, आणि एकटीपुरतं रांधणं हे कोळ्याच्या घरात किती अवघड काम आहे ते कोळ्यालाच विचारावं. कालवण कमी होतच नाही.

आणखी एक नवल. तिची सगळी मासळी उरणजवळच्या करंज्याच्या बंदरावरून टेम्पोने येते, आणि ही बाई करंज्याला जात नाही. बाकीच्या जणी पहाटे लिलावाला जाऊन भांडून, हात धरून, शिव्या देऊन माल आणतात. चंद्रावती टेम्पोवाल्या कुमारला फोनवर सांगते आणि तो देईल ते घेते. करंजा हे तिचं सासर.

विशीत लग्न होऊन ती करंज्याला गेली. नवरा दयाराम भावासोबत होडीवर जायचा. बोलायला कमी, हसायला मात्र दिलखुलास. सासू शांती बंदरावरची नावाजलेली व्यापारीण, जिभेने तिखट आणि सुनेवर जीव टाकणारी. त्या घरात एक रीत होती. नव्या सुनेने पहिलं मूल होईपर्यंत गाभोळीच्या मासळीला कोयता लावायचा नाही. भरलेलं पोट आपल्या हाताने फोडायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. रीत कुणी घालून दिली ते ठाऊक नाही. पाळायलाही फार कठीण नव्हती, घरात कापणाऱ्या बायका भरपूर होत्या. पण लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बंदरावर इतकी मासळी आली की वाळवायला जागा पुरेना आणि कापायला हात पुरेनात. शांतीनेच तिच्या हातात कोयता दिला. चंद्रावतीने विचारलंही, आय, चालंल ना? शांती हसली आणि म्हणाली, सडून जाण्यापेक्षा चालंल. त्या आठवड्यात तिने टोपल्याच्या टोपल्या फोडल्या. हात लालभडक गाभोळ्यांनी भरून जायचे, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमान वाटायचा, कारण तिच्याइतका सफाईने कुणाचा हात चालत नव्हता.

त्यानंतर पाळी पुढे जायला लागली, आणि मग थांबली. पहिल्या महिन्यात घरात आनंद झाला. शांतीने शेजारणीला सांगून टाकलं. मग कळलं की पोटात काहीच नाही. अंगातून एकदम गरम वाफा यायच्या, झोप उडायची. उपास झाले, देव झाले, शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. दयाराम तेव्हा दर्यावर होता. तपासण्या झाल्या, आणि निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना आत बोलावलं. शांती आत गेली. चंद्रावती बाहेर बाकावर बसून राहिली, कारण तिला कुणी आत ये म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

शांती बाहेर आली आणि सुनेला घेऊन निघाली. घरी आल्यावर चुलीपुढे बसून म्हणाली, तवा ती गाभोळी कापायला नको व्हती, चंदरे. मासळीचा दोष लागला. एवढंच. नंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. शक्तीच्या म्हणून गोळ्या द्यायची, भाताचा पहिला घास सुनेला वाढायची. पण चंद्रावतीच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. तिने हिशेब केला. मासळीचा दोष, पण मासळी फोडली कुणी? आपण. त्या सफाईचा अभिमान कुणाला होता? आपल्याला. म्हणजे हे घर आपल्या हाताने बुडालं. मग त्याची शिक्षा दयारामने का भोगायची? एका सकाळी तो होडीवर गेलेला असताना ती कपड्यांची पिशवी घेऊन पनवेलला आईकडे आली, आणि आईकरवी निरोप पाठवला की त्याने दुसरी करावी.

दयाराम आला, न्यायला. एकदा नाही, पुष्कळ वेळा आला. मार्केटात तिच्या पाटीसमोर उभा राहायचा. चार माणसांत काय बोलणार? तीही एक शब्द बोलू द्यायची नाही. तो तोंड उघडायच्या आत, काय देऊ, म्हणून भाव सांगायची, अगदी परक्याला सांगावा तसा. मग तो बिचारा मासळी घ्यायचा. स्वतःची होडी असलेला करंज्याचा कोळी, पनवेलच्या मार्केटातून मासळी विकत घेऊन परत करंज्याला जायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चंद्रावतीला हसू यायचं नाही, तिला वाटायचं जमीन फाटावी. काही काळाने तो यायचा थांबला. मग कुमारच्या बापाने, जो तेव्हा टेम्पो चालवायचा, सांगितलं की दयारामने रोहिणी नावाची मुलगी केली. पुढे मुलंही झाल्याचं कळलं. चंद्रावती म्हणाली, चांगलं झालं. आणि ते तिने मनापासून म्हटलं, हेच त्यातलं वाईट.

तेव्हापासून तिने भरल्या पोटाची मासळी कधी कापली नाही.

दोनेक वर्षांपूर्वी या शेवटच्या ओळीत प्रांजल नावाची मुलगी आली. पनवेललगतच्या करंजाड्याला राहणारी, कॉलेजात संशोधन करणारी, पाठीवर सॅक आणि हातात निळी बर्फपेटी. तिला खाडीचे बोईट हवे होते, तेही मादी, गाभोळी धरलेली, आणि शक्यतो अजून फडफडणारी. ठकीकडे त्या दिवशी माल होता, पण ठकी गिऱ्हाइकात अडकलेली, म्हणून मुलीने चंद्रावतीलाच विचारलं, मावशी, गाभोळी न तुटता काढून द्याल का? चंद्रावतीने मान हलवली. मी नाय कापत. मुलगी हिरमुसली नाही. म्हणाली, मग मला इथे बसून कापू द्याल का, वेळ गेला तर पेशी मरतात. चंद्रावतीने बाजूला सरकून जागा दिली.

मग ते दर आठवड्याचंच झालं. प्रांजल यायची, रबरी हातमोजे चढवायची, बारीक सुरीने मासा उघडायची, गाभोळीचा तुकडा पेशी जगवणाऱ्या गुलाबी पाण्याच्या बाटलीत सोडायची आणि पेटी बंद करून स्कूटीवर पळायची. आधी एवढंच. पुढेपुढे ती थोडी लवकर यायला लागली, ठकीचे बोईट येईपर्यंत चंद्रावतीच्या उलट्या पाटीवर बसून चहा पिऊ लागली. ती आली की चंद्रावती दोन चहा सांगायची. इतक्या वर्षांत तिने दोन चहा कधी सांगितले नव्हते. चहावाल्याला वाटलं चुकून म्हणाली, त्याने पहिल्या दिवशी एकच आणला.

एकदा तिने विचारलं, या गाभोळीत रोज काय बघतेस, बाय? प्रांजलला विचारायचा अवकाश. संशोधन करणाऱ्या माणसाला कुणी आपणहून विचारत नाही, त्यामुळे विचारलं की तो थांबत नाही. पण या मुलीला सांगता येत होतं. ती म्हणाली, आपल्या अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंतू शिरले, जखम झाली की त्या एकमेकींना निरोप धाडतात, या, धावा, इथे काम आहे. हे निरोप म्हणजे अगदी सूक्ष्म रेणू. कुणाचं नाव इंटरल्यूकिन, कुणाचं टीएनएफ. लोकांना वाटतं हे रेणू फक्त आजारपणात कामाला येतात. पण अंडाशयातल्या पेशीही ते ऐकतात, आणि स्वतःही पाठवतात. अंडं पिकलं की त्याच्याभोवतीची पिशवी फुटावी लागते. ते फुटणं म्हणजे एक लहानशी जखमच, आणि ती करायला आणि पुन्हा भरून काढायला हेच निरोप लागतात. माशात लागतात, बाईतही लागतात. ती त्या पेशी बशीत वाढवते आणि त्यांच्यावर हे रेणू थेंबाथेंबाने सोडते. थोडे सोडले तर पेशी जाग्या होतात, अंडं पिकवणारा रस करू लागतात. जास्त सोडले तर आक्रसतात आणि मरून जातात.

चंद्रावती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं, पुरे झालं, आता थांबा, असं त्यांना कोण सांगतं?

प्रांजल म्हणाली, मावशी, आम्ही सगळे तेच शोधतोय. कधी कधी कुणीच सांगत नाही. मग पहारेकरी आपल्याच घराला परकं समजतात. कुणाच्या गळ्यातल्या ग्रंथीवर जातात, कुणाच्या कातडीच्या रंगावर, आणि काही बायकांत अंडाशयावर. ऐन तारुण्यात पाळी जाते.

हे बोलताना तिचं लक्ष चंद्रावतीच्या हातांकडे गेलं आणि ती मध्येच थांबली. चंद्रावतीनेही आपले हात बघितले. ठकीकडे गिऱ्हाईक भाव करत होतं. नळ गळत होता.

"बाय, एक इचारू?" चंद्रावती म्हणाली. "भरल्या पोटाची मासली कापली, तर कापनारनीचं पोट रिकामं रातं का?"

प्रांजल हसली नाही, हे तिचं मोठेपण. "नाही मावशी," ती म्हणाली. "मी तर रोज कापते."

"तुजं लगीन झालं नाय अजून. तुला काय माईत."

 मुलीने विषय सोडला नाही. पुढच्या आठवड्यात स्टेशनजवळच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊनच आली. चंद्रावती आधी नको म्हणाली, मग धंदा आहे म्हणाली, मग म्हणाली आता या वयात काय करायचंय कळून. हे सगळं ती घाबरून बोलत होती. वर्षानुवर्षं तिने एक गोष्ट धरून ठेवली होती. आपल्या हातून पाप झालं, आणि आपण त्याची परतफेड करतोय. त्या परतफेडीवर तिचं सगळं आयुष्य उभं होतं, शेवटच्या ओळीतली जागा, पाठवून दिलेल्या सुरमया, न कापलेली मासळी. ते पाप झालंच नव्हतं असं कुणी सांगितलं, तर मग एवढं सगळं कशासाठी केलं? आणि झालंच होतं असं निघालं, तर तेही डॉक्टरच्या तोंडून ऐकायला तिची छाती होत नव्हती. तरी ती गेली. ठकीने पाटी सांभाळली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हात बघितले, गळा बघितला, पाठीचा फोटो काढायला लावला. हाडं ठिसूळ झाली होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी नीट समोर बसवून सांगितलं. गळ्याच्या ग्रंथीवर शरीराचेच पहारेकरी उठल्याचं रक्तात दिसतंय, डागही त्यातलेच. अंडाशयाचं तेव्हा काय झालं ते आज छातीठोकपणे सांगता येणार नाही, फार काळ गेला. पण सगळं चित्र बघता तेच झालं असावं. पहारेकऱ्यांनी नको तिथे निरोप धाडले आणि अंडाशयातल्या पेशी गेल्या. मासळी कापल्याने मात्र असं होत नाही. एवढं मी छातीठोकपणे सांगते, त्या म्हणाल्या. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, तेव्हाच्या डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं? त्यांनाही दिसलं असणार. हाडांसाठी गोळ्या लिहून दिल्या असतील की.

चंद्रावतीला तो बाक आठवला. शक्तीच्या गोळ्या आठवल्या. ती उठून उभी राहिली आणि आभार मानायलाही विसरली.

दुसऱ्या दिवशी तिने माल मागवलाच नाही. उरणची बस धरली, तिथून रिक्षाने करंज्याला उतरली. बंदर बदललं होतं, धक्का मोठा झाला होता, पण बोंबील वाळत घातलेल्या बांबू-दोरीच्या वलांड्या तशाच होत्या. घर दुमजली झालं होतं. अंगणात शांती जवळा निवडत बसली होती, हातापायाच्या काड्या झालेली, डोळे मात्र शाबूत. रोहिणी लिलावाला गेली होती, मुलं कामावर. म्हातारीने तिला ओळखलं, लगेच. हातातला जवळा सांडला तो तिने उचललाही नाही.

"आयलीस?" ती म्हणाली. "बस."

चंद्रावती बसली. तिने वाटेत पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, की आय, त्या दिवशी आत डॉक्टर काय बोलला?

शांतीने सूप बाजूला ठेवलं. मग सांगितलं, काही न लपवता, जणू कुणीतरी विचारायची वाटच बघत होती. डॉक्टर म्हणाला होता, सुनेच्या अंगातलं रक्तच तिच्या पोटावर उठलंय. मूल व्हायचं नाही, पण गोळ्या सोडायच्या नाहीत.

"मी त्याला बोलली, पोरीला हे कसं सांगू? तुजं अंगच तुजं वैरी झालंय, असं कुनी पोरीला सांगतं का? अंग टाकून कुटं जाशील तू? मंग मी मासलीवर ढकललं. मासलीला कोन इचारतंय. मी दोस मासलीवर टाकला व्हता, चंदरे. तुज्यावर नाय."

"कोयता माज्या हातात व्हता, आय."

 म्हातारीला खरोखरच ते कधी सुचलं नव्हतं. तिला वाटलं होतं सून दोन दिवस रडेल, देवाला नवस बोलेल, कुणाचं तरी मूल मांडीवर घेईल आणि घरात रमेल. ती निघून गेली तेव्हा शांतीला खरं सांगावंसं वाटलं, पण मग लोक म्हणाले असते, एवढे दिवस का लपवलंस? आणि दयारामचं दुसरं लग्न झाल्यावर तर खरं बोलून कुणाचं भलं होणार होतं? अशी आज-उद्या करत वर्षं गेली. चंद्रावती तिच्याकडे बघत होती. रागवायची तिची फार इच्छा होती. पण समोर एक वाळलेली बाई बसली होती, जिने मायेपोटी खोटं सांगितलं होतं, आणि मायेवर रागवायचं कसं ते चंद्रावतीला येत नव्हतं. तिने सांडलेला जवळा गोळा करून सुपात टाकला.

दयाराम आला तो जाळी खांद्यावर टाकून. केस पांढरे झाले होते. तिला बघून दारातच थांबला, मग जाळी ठेवली, पाणी प्याला. म्हातारीला भेटाया आयली, एवढं ती म्हणाली. त्याने का, कशी, काही विचारलं नाही. जेवून जा म्हणाला. ती नको म्हणाली. मग रिक्षा मिळत नाही या वेळेला, मी सोडतो, असं म्हणून त्याने मोटरसायकल काढली. ती मागे बसली, मध्ये पिशवी ठेवून. 

उरणच्या स्टँडवर पनवेलची बस लागायची होती. गाडी उभी करून तो तिथेच थांबला. तो जाईल असं वाटून ती वाट बघत होती, पण तो गेला नाही, तेव्हा तीच बोलली.

"माज्या हातून काय झालं नवतं. अंगाचा आजार व्हता. डॉक्टरीन बोलली."

"मना माईत व्हतं," दयाराम म्हणाला.

"आयनं सांगितलं?"

"आयनं कवाच काय नाय सांगितलं." तो रस्त्याकडे बघत होता. "तुज्या हातून काय झालंय, असं मना कदी वाटलंच नवतं. तेच सांगाया येत व्हतो ना पनवेलला. तू बोलूच दिलं नाय."

बस आली. ती चढली. दयारामने पिशवी खिडकीतून आत दिली, गाडीला किक मारली आणि निघून गेला, कारण घरी रोहिणी जेवायला थांबली असेल. चंद्रावतीने मागची सीट धरली. एवढ्या वर्षांनी जी गोष्ट तिला रक्त तपासून कळली, ती दयारामला कुणी न सांगताच माहीत होती, आणि ती तो घरपोच घेऊन आला होता. बस सुटली तशी ती खिडकीला डोकं टेकून रडायला लागली. जासई गेलं, गव्हाण फाटा गेला, कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. रडायची तिला सवय होती, पण आजवर ती न केलेल्या चुकीसाठी रडत आली होती. या खेपेला स्वतःला बोल लावायला तिच्याकडे खरंखुरं कारण होतं.